दोन रुपयांचा आणि पाच रुपयांचा

मोबाइल घरीच ठेवा. आपण जिथे चाललोय तिथे तो चालणार नाही. तिथेही मोबाइल आहेत, पण आलेला फोन घेतला तरी पैसे पडतात. म्हणून लोक नंबर पाहतात, फोन कापतात आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या पीसीओत जाऊन रांगेत उभे राहतात. क्यूआर कोड वगैरे तर विसराच. त्याऐवजी ही दोन नाणी घ्या. एक दोन रुपयांचं, अकरा कोनांचं. दुसरं पाच रुपयांचं, जाड आणि इतकं जड की शर्टाचा खिसा एका बाजूला ओढला जातो. बसचे सुटे मी वेगळे देतो, लोकलचा पासही देतो. ही दोन नाणी मात्र जपून ठेवायची, मधेच चहावर उडवायची नाहीत.

छत्री घ्या. ऑगस्ट आहे, पाऊस पडो न पडो, मुंबईकर छत्री घेऊनच निघतो. बूट काढा, चपला घाला. का ते पाच मिनिटांत कळेल.

झालं? डोळे मिटा. उघडा.

२३ ऑगस्ट २००१, गुरुवार, संध्याकाळ. तुम्ही वर्सोव्यात, सात बंगल्याच्या बस स्टॉपवर उभे आहात. आधी मान वर करा. आभाळ अख्खं दिसतंय ना? मेट्रो धावायला अजून जवळपास तेरा वर्षं आहेत, जे. पी. रोडवर एकही खांब नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं मधोमध हात मिळवायच्या बेतात आहेत. आता श्वास घ्या. समुद्राचा खारा, दमट वारा. त्यातून कोळीवाड्याच्या बाजूने येणारा मासळीचा दर्प. नारळी पौर्णिमा होऊन गेलीय, होड्या पुन्हा पाण्यात गेल्यात. आणि त्या दर्पावर मात करणारा आजचा वास : कापूर, अगरबत्ती, ओला गुलाल, चुरगळलेल्या दुर्वा.

काल गणेशचतुर्थी होती. आज ऋषिपंचमी, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन. सगळी अंधेरी वर्सोव्याच्या चौपाटीकडे निघालीय. टेम्पोत गणपती, हातगाडीवर गणपती, रिक्षात मांडीवर घेतलेला गणपती, आणि पाट डोक्यावर घेऊन चालत निघालेला एक घामाघूम गृहस्थ, ज्याच्या मागून त्याची आई दर दहा पावलांना "सांभाळून रे, सांभाळून" म्हणतेय. टाळ, झांजा, मधेच एखादा ढोल. रस्त्यावर पाणी, फुलं, चिखल आणि कुणीतरी उधळलेला गुलाल यांचा लगदा झालाय. चपला का घालायला सांगितल्या ते कळलं असेल.

तुमच्या पोटात काय आहे तेही सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. दुपारी तुम्ही ऋषीची भाजी जेवलात. अळू, माठ, भेंडी, लाल भोपळा, मक्याचं कणीस. फोडणी नाही, मसाला नाही. चव सात्त्विक, पोट भरलेलं, पण जीभ दुपारपासून उपाशी. असल्या जिभेला संध्याकाळी काय हवं असतं ते कुठल्याही मुंबईकराला विचारा.

लाल बस आली. चढा. दांड्याला धरा, तो ओला आहे, तुमच्या आधीच्या पन्नास हातांनी ओला केलेला. कंडक्टर त्याच्या चिमट्याने तिकिटाच्या पेटीवर टकटक करत गर्दीतून वाट काढतोय. "पुढं सरका, पुढं जागा आहे, पुढं सरका!" पुढे जागा नाही, हे त्यालाही माहीत आहे. ओल्या छत्र्यांचं पाणी ज्याच्या त्याच्या पायावर ठिबकतंय, इंजिनाची ऊब खालून तळपायाला लागतेय, आणि बस पावलापावलाने सरकतेय, कारण सगळी गर्दी समुद्राकडे आणि तुम्ही मात्र स्टेशनकडे. खिडकीतून एकेक बाप्पा तुमच्याकडे बघत मागे जातो. बसमधले लोक प्रत्येकाला हात जोडतात. दहाव्या बाप्पानंतर नुसती मान लवते.

चार बंगल्याचा बाजार गेला. अपना बाजार गेला. आझादनगरच्या आसपास मान जरा वाकवा, अंधेरीच्या राजाचा मंडप याच भागात आहे. त्याला आज कुठे जायचं नाही. तो अनंत चतुर्दशीलाही जात नाही, थेट संकष्टीला वर्सोव्याच्या समुद्रावर निघतो. हा उत्सव सुरू झाला १९६६ साली. योगायोग बघा, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकायला सुरुवात केली तेही साल १९६६च सांगतात. एक राजा मंडपात बसला, दुसरा स्टेशनाबाहेर उभा राहिला. आज आपण त्या दुसऱ्याकडे चाललोय.

अंधेरी स्टेशन. उतरा, आणि आता स्वतः चालायचा प्रयत्न करू नका. पाय अधांतरी ठेवले तरी चालेल, गर्दी तुम्हाला जिन्यावर नेऊन पोचवेल. पुलावर घाम, अत्तर, मोगरा आणि पुलाखालच्या गटाराचा वास एकाच झुळकीत येतो. बोरिवली स्लो फलाटाला लागतेय, ती जुनी तपकिरी-पिवळी गाडी. दारातल्या माणसाने तुमच्या दंडाला धरून आत ओढलं, त्याला धन्यवाद म्हणायची गरज नाही, त्याने तुमच्याकडे पाहिलेलंसुद्धा नाही. आता लगेच शेजाऱ्याला विचारून घ्या, "मालाड कुठल्या बाजूला येणार?" हा प्रश्न उशिरा विचारणारे लोक कांदिवलीला उतरतात.

आत पंखे फिरताहेत, वारा कुणाला लागतोय ते पंख्यालाच ठाऊक. एका कोपऱ्यात भजनी मंडळ, डब्याच्या पत्र्यावर ठेका. समोरचा गृहस्थ 'संध्यानंद' वाचतोय, तीन जण त्याच्या खांद्यावरून फुकट वाचताहेत. दोन कॉलेजची पोरं 'दिल चाहता है'वर वाद घालताहेत. सिनेमा येऊन दोनच आठवडे झालेत आणि दोघांच्याही हनुवटीखाली कालपरवाच राखायला घेतलेली दाढी आहे. 'गदर' आणि 'लगान' अजून उतरलेले नाहीत. जोगेश्वरी गेलं. पुढे राममंदिर येईल म्हणून बघत बसाल तर फसाल, ते स्टेशन २०१६ साली येणार आहे. आत्ता जोगेश्वरीनंतर थेट गोरेगाव, मधे ओशिवऱ्याच्या नाल्याचा वास, ज्याला डबाभर माणसं एकदम नाक मुरडतात. तो वास हेच तिथलं स्टेशन.

या प्रवासात तुमचं एक निरीक्षण व्हायला हवं. इथे कुणाकडेच दोन हात रिकामे नाहीत. एक हात दांड्याला, नाहीतर बॅगेला, नाहीतर पोराच्या मनगटाला. खायचं तर एका हाताने, उभ्याने, गाडी येईपर्यंतच्या वेळात. ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको, हात धुवायला पाणी नको. एवढ्या सगळ्या 'नको'मधून जे उरतं त्याला मुंबईत वडापाव म्हणतात. हॉटेलचा धंदा शिकवणाऱ्या शाळेत जे शिकवत असतील ते असो. उपनगरी लोकलचा डबा ही त्याहून मोठी शाळा आहे, आणि आज संध्याकाळी आपण ज्या माणसाला बघायला चाललोय त्याने ती शाळा मनापासून केली.

मालाड! उतरा. पश्चिमेला बाहेर पडा.

कानावर आधी काय येतं? रिक्षावाल्यांचं "लिंक रोड, लिंक रोड", केळीवाल्याची हाक, हॉर्न, आणि या सगळ्याच्या तळाशी एक अखंड घुरघुर : रॉकेलचा स्टोव्ह. नाकात आधी काय येतं? एम. एम. मिठाईवाल्याच्या दुकानातला तुपाचा, साखरेचा जाड गोड वास; गणपतीचे दिवस आहेत, मोदक आणि पेढ्यांचे खोके माणसांच्या डोक्यांवरून इकडून तिकडे जाताहेत. आणि मग, गोड वासाला मागे सारत, तापलेल्या तेलातलं बेसन, हिंग, लसूण.

आधी गाडीवर चला. खिशातलं दोनचं नाणं काढा.

मामा (सगळेच त्यांना मामा म्हणतात, तुम्हीही म्हणा) आत्ताच एक घाणा काढताहेत. बटाट्याच्या पिवळ्या सारणाचा गोळा, त्यात मोहरी, कढीपत्ता, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा. गोळा बेसनात बुडतो, मामांच्या बोटांवरून घरंगळून कढईत पडतो. चर्रर्र. बोटांना चिकटलेलं पीठ ते कढईवर झटकतात आणि त्याचा चुरा होतो, जो खरं तर अर्ध्या गिऱ्हाइकांच्या येण्याचं कारण आहे. लादीतून पाव तुटतो, उभा चिरला जातो, लसणाची सुकी लाल चटणी, हिरवी ओली चटणी, वडा, चुरा, बाजूला मीठ लावलेली तळलेली मिरची. कपाळावरचा घाम त्याच हाताने पुसला जातो, नाणं त्याच हाताने घेतलं जातं, पुढचा गोळाही त्याच हाताने वळला जातो. बघू नका. पिढ्यान् पिढ्या आपण ते न बघता खात आलोय.

"मामा, चटणी जरा जास्त."

मामा बोलत नाहीत. चटणी जास्त पडते.

चावा घ्या. सावकाश, आतला बटाटा अजून वाफाळतोय. टाळू भाजली? ती भाजायचीच. डोळ्यांत पाणी आलं? ती हिरवी चटणी. दुपारच्या ऋषीच्या भाजीचा सूड पूर्ण झालाय. आता हातातला कागद बघा. परवाचं वर्तमानपत्र, त्यावर तेलाचा डाग वाढत चाललाय, आणि पावाच्या पाठीवर शाईने वृश्चिक राशीचं भविष्य अर्धंमुर्धं उमटलंय. मघाशी डब्यात चार जण मिळून वाचत होते त्या 'संध्यानंद'चीही उद्या-परवा हीच गत आहे.

दोन रुपये. पोट आणि जीभ दोन्ही शांत. मग ते पाचाचं नाणं कशाला आणलं?

वळा. गर्दीच्या पलीकडे, स्टेशनला लागूनच एक नवीन दुकान आहे. दुकान कसलं, जेमतेम २०० चौरस फूट. आजच उघडलंय. बसायला एकही खुर्ची नाही. पाटीवर तुम्ही शोधताय ते नाव नाही, उगाच डोळे ताणू नका. सुरुवातीला या दुकानाचं नाव 'चाट फॅक्टरी' होतं. 'जम्बो किंग' हे नाव मागून आलं. चाटच्या इतर पदार्थांकडे बघत लोक वडापावच मागायला लागले, आणि मागताना त्याच्या आकाराचं कौतुक करायला लागले, तेव्हा मालकाने यादी गुंडाळली आणि वड्यावर डाव लावला.

रांगेत उभे राहा. तुमच्या पुढचा माणूस दुकानाकडे बघून बायकोला हळूच म्हणतोय, "पाच रुपयांचा वडापाव? याला काय सोनं लावलंय का?" २००१ सालच्या मालाडमध्ये हा प्रश्न अगदी रास्त आहे. दोन रुपयांत जे पन्नास पावलांवर मिळतं त्याला अडीचपट पैसे मागणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर त्याने काहीतरी वाचलेलं असतं.

याने वाचलेलं होतं. या दुकानामागच्या तरुणाचं नाव धीरज गुप्ता. घरात मिठाईचा आणि केटरिंगचा धंदा, शिक्षण पुण्याच्या सिंबायोसिसमध्ये एमबीए. आधी भारतीय मिठाई डबाबंद करून परदेशी विकायचा उद्योग केला, तो बुडाला. एमबीए पोराचा पहिला धंदा बुडाला की घरात जी शांतता पसरते ती तुम्ही जाणता. जेवताना भाजी वाढण्यापुरतंच बोलणं होतं. त्या दिवसांत त्याच्या हाती जॉन लव्ह यांचं 'मॅकडोनाल्ड्स : बिहाइंड द आर्चेस' हे पुस्तक आलं. मॅकडोनाल्ड्स बांद्र्याच्या लिंकिंग रोडवर १९९६ सालीच येऊन बसलं होतं, मुंबई तिथे रांगा लावून बर्गर खात होती आणि त्याच्या चवीबद्दल तक्रारही करत होती. या तरुणाच्या मनात आलेला प्रश्न साधा होता. ते लोक पावात टिक्की घालून जगभर विकतात, तर आपल्या पावातल्या वड्याला काय धाड भरलीय? घरच्यांकडून २ लाख रुपये घेतले आणि हे दुकान थाटलं. त्याची पत्नी रीता गुप्ता या धंद्यात त्याची जोडीदार.

हे सगळं त्याला सांगू नका हं. शंभराच्या पुढे दुकानं होतील, तुमच्या दुकानाच्या वाढदिवसाला लोक जागतिक वडापाव दिवस म्हणतील, असलं काही बोललात तर तो तुम्हाला पाणी देऊन बाजूला बसवेल. पण बसवणार कुठे? खुर्ची नाही.

तुमचा नंबर आला. पाचाचं नाणं काउंटरवर ठेवा. ऐकलंत, कसा जड आवाज झाला? पलीकडच्या पोराच्या हातात मोजे आहेत. वडा उचलला जातो, पावात बसतो, स्वच्छ कागदात गुंडाळला जातो. त्या कागदावर कुणाचं भविष्य छापलेलं नाही. आकार बघा : गाडीवरच्यापेक्षा मोठा, पावही मोठा, तळहात भरतो. हात, कागद, पाव, सगळं कोरडं. पांढरा शर्ट घालून ऑफिसातून आलेला माणूस हा वडा रिक्षात बसूनही खाऊ शकेल. मागे उभी असलेली बाई पोराला घेऊन आलीय. गाडीपाशी ती कधी थांबलेली नाही, कारण गाडीच्या आजूबाजूला पुरुषांचा गराडा असतो आणि हाताची ती कथा तिलाही माहीत आहे. आज ती थांबलीय. मला विचाराल तर या धंद्याचं सगळं गणित त्या बाईच्या थांबण्यात आहे. मामांचं गिऱ्हाईक पळवायची यांना गरजच नव्हती. मामांकडे जे कधी गेलेच नाहीत ते स्टेशनबाहेर रोज हजारोंनी उतरत होते.

खा आता. कसा आहे?

खरं सांगायचं तर चांगला आहे. तिखट कमी. चटणी मोजून. टाळू भाजत नाही. उद्या आलात तर असाच असेल, परवाही असाच. मामांचा आजचा घाणा अप्रतिम होता, पण मामा सोमवारी चिडलेले असतात, पावसात बेसन पातळ होतं आणि मे महिन्यात ते गावी जातात तेव्हा त्यांचा भाचा जे काही करतो त्याबद्दल न बोललेलं बरं.

आणि नेमकी हीच या धंद्यातली खरी अडचण. एक दुकान मालकाच्या नजरेखाली चालतं. दुसरं उघडलं की मालक अर्धा होतो. पाचवं उघडलं की तो फक्त लोकलमध्ये दिसतो. वडा हातानं वळायचा तर हातागणिक वडा बदलतो. एकाच्या बोटांत मीठ जास्त, दुसऱ्याचा गोळा लहान, तिसरा आचारी चव सांभाळतो आणि एके दिवशी पगारावरून भांडून चव घेऊनच निघून जातो. उडप्यांनी, कामतांनी, इराण्यांनी हा प्रश्न नात्यातली, गावातली माणसं आणून सोडवला. वड्याच्या दोन-पाच रुपयांत इतकी माणसं बसत नाहीत.

म्हणून आता एक उडी मारू. घाबरू नका, लोकलइतकी गर्दी नाही. स्वेटर मात्र घाला.

थंडी वाजतेय ना? हा काही वर्षांनंतरचा वडा. स्टेशनाबाहेर नाही, कारखान्यात. इथे घुरघुर रॉकेलच्या स्टोव्हची नाही, यंत्रांची आहे. बटाटे उकडले जाताहेत, सोलले जाताहेत, कुस्करले जाताहेत, आणि गोळे वजनाने पडताहेत, एकाचा दुसऱ्याशी फरक नाही. ते गोठवायचे, थंड गाडीत भरायचे, दुकानांना पोचवायचे. दुकानात उरतं ते एवढंच : ठरलेल्या तापमानाच्या तेलात ठरलेला वेळ तळणे. हे काम शिकायला आचारी लागत नाही, आठवडाभर लक्ष देणारा कुठलाही चुणचुणीत मुलगा पुरतो. आणि ज्या दिवशी काम शिकवता येतं त्या दिवशी ते दुसऱ्याच्या दुकानावर सोपवता येतं. मग नावाची पाटी एकाची, गाळा दुसऱ्याचा, वडे कारखान्याचे, अशी साखळी वाढते. जम्बो किंग अशीच वाढली, आणि वाढताना एक हट्ट तिने धरून ठेवला : दुकान स्टेशनाला चिकटून. गाळ्याचं भाडं कितीही महाग पडो, गिऱ्हाइकाने गाडी पकडायच्या वाटेवरच वडा घेतला पाहिजे. त्यासाठी रस्ता ओलांडायला तो तयार नसतो.

कारखान्यात एक गोष्ट तुम्हाला खटकेल, मलाही खटकते. इथे वास नाही. हजारो वडे आहेत आणि हिंगाचा भपकारा नाही. गोठलेल्या वड्याला वास नसतो, तो दुकानात तळल्यावर येतो. तोही येतो, पण मामांच्या कढईसारखा रस्ता अडवत नाही. धीरज गुप्तांनी खूप काही मिळवलं, त्यात हे एक गेलं, आणि हा सौदा त्यांनी डोळे उघडे ठेवून केला असं मला वाटतं. स्वच्छ कागद, मोजे, तीच चव, तोच आकार, यांच्या बदल्यात चुरा गेला. कागदी पुडीच्या तळाशी उरलेला, बोटाने टिपून खायचा तो चुरा कारखान्याच्या यादीत कुठे बसवणार?

पुढची वर्षं भरभर बघून घ्या, आपल्याला परतायचंय. वड्याच्या पोटात शेजवान आलं, चीज आलं, बटर आलं, ग्रिल आलं. पाट्या बदलल्या, रंग बदलले, हळूहळू पाटीवर वड्याच्या जागी 'इंडियन बर्गर' हे शब्द आले. हा बदल मला मुळीच आवडलेला नाही. मॅकडोनाल्ड्सचं पुस्तक वाचून सुरू झालेला प्रवास शेवटी बर्गरपाशीच येऊन थांबावा, हे जरा मनाला लागतं. पण धंदा माझा नाही आणि नफा-तोटाही माझा नाही. दरम्यान कल्याणहून 'गोली वडापाव' निघाला, त्यानेही कारखान्याचाच रस्ता धरला, आणि गल्लोगल्ली ज्यांना वडापावची साखळी काढायची होती त्यांनी ती काढून पाहिली. बऱ्याच पाट्या आल्या तशा उतरल्या. मालाडची पाटी राहिली.

आणि मामा? मालाडचे हे मामा मी तुमच्यासाठी उभे केलेत, पण त्यांच्यासारखे मामा अजूनही प्रत्येक स्टेशनबाहेर आहेत. रॉकेलचा स्टोव्ह जाऊन सिलिंडर आला, दोन रुपयांचे वीस झाले असतील, काहींनी मोजेही चढवले. साखळ्या आल्या म्हणून गाड्या उठतील असं तेव्हा बरेच शहाणे म्हणत होते. गाड्या उठल्या नाहीत. महापालिकेची गाडी आली तरच त्या उठतात, आणि ती गेली की परत लागतात.

चला, उतरा. वर्सोवा मेट्रो स्टेशन, आजची तारीख. चपलांना लागलेला गुलाल घरात शिरण्याआधी धुवा.

आता एक काम करा. येत्या २३ ऑगस्टला, ऋषिपंचमी असो नसो, मालाड पश्चिमेला उतरा. आधी गाडीवर जा, मग दुकानात. दोन्हीकडचा वडा लागोपाठ खा, तोही उभ्यानेच, आणि कुठला चांगला ते स्वतःच्या जिभेला विचारा, माझ्या नाही. फक्त गाडीवर क्यूआर कोडला नेट लागेना तर खोळंबू नका. सुटे जवळ ठेवा.